काचकाका आणि सात नंबरची नळी

आमच्यासाठी काचेची उपकरणं घडवणारे काचकाका कामाला बसले की मे महिन्यातल्या नागपुरातसुद्धा प्रयोगशाळेतला पंखा बंद व्हायचा. केसाहून बारीक प्लॅटिनमची तार काचेच्या नळीत घालायची, ज्योतीवर काच वितळवून ती तारेभोवती घट्ट बसवायची आणि टोक घासून गुळगुळीत करायचं. झाला मायक्रोइलेक्ट्रोड, द्रावणातला विजेचा प्रवाह मोजणारी नळी! "श्वास रोख वं पोरी, तार हालते," असं ते दटावायचे. आम्ही घामाच्या धारांत मुकाट उभे.

माझं संशोधन फ्री रॅडिकलवर होतं. एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे हे रेणू बहुधा क्षणभरही टिकत नाहीत. माझे मात्र बाटलीत महिनोन्‌महिने सुखरूप राहणारे, केशरी रंगाचे. पाण्यात ते नावापुरते असले तरी विजेच्या प्रवाहावरून ओळखायचे, हा माझा खटाटोप. हे ऐकून विधुर काका हसले होते. "एकटा हाय अन् तरी शांत? मंग माह्यासारखाच हाय."

प्रत्येक मोजणीआधी त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "आधी रिकाम्या पाण्याले विचार." म्हणजे रॅडिकल नसलेल्या पाण्यात नळी बुडवून बघ, तिथंही प्रवाह दिसला तर नळी खोटं बोलते. मी नेहमी विचारायचे. सात नंबरच्या नळीच्या वेळी मात्र घाई नडली. दाट द्रावणातून काढली, धुतली आणि थेट पातळ द्रावणात बुडवली. तिनं असा काही आकडा दिला की मी अक्कल गहाणच ठेवली. इतकं कमी रॅडिकल आमच्याकडे कुणालाच सापडलं नव्हतं! माझ्या गाईड सरांनी संत्रा बर्फी वाटली, पेपर पाठवायचा दिवस ठरला. काकांनी आपली बर्फी रुमालात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "सातले रिकाम्या पाण्यात बुडव."

बुडवली. पडद्यावरची रेघ चढायला लागली. तेवढ्यात काकांनी नळी काढून घेतली आणि कट्‌कन मोडली.

"काहून मोडली काका?" मी किंचाळलेच.

"काचेत अन् तारेत भेग हाय. दाट पाणी तिच्यात दडून बसते, मंग झिरपते. मले दिसलीच नाही. दोन महिने झाले, उजव्या डोळ्यानं दिसून नाही राहिलं." जरा थांबून म्हणाले, "सांगतलं असतं त घरी बसवलं असतं. घरी कोन हाय?"

त्याच दुपारी त्यांनी स्वतः जाऊन सरांना सगळं सांगितलं. पेपर थांबला, पीएचडीला मला वर्षभर जास्त लागलं. काकांचं कंत्राट महिनाअखेरीस संपलं, ते पुन्हा झालं नाही. जाताना त्यांनी ज्योतीसमोर लावायचा आपला काळा चष्मा माझ्या हातात ठेवला.

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. रेघ चढत होती तेव्हा माझा हात माउसकडे गेला होता, त्या मोजणीची फाइल पुसायला. तो हात माझा होता, यावर अजून विश्वास बसत नाही. मला वाटलं, कुणी पाहिलं नाही. पण चष्मा देताना काका हळूच म्हणाले होते, "सात राहिली असती त तुले पुन्हा मोह झाला असता वं."

भेग त्यांना दिसली नव्हती. माझा हात दिसला होता.