रेडिएटरपुढची ताटी

अमरावतीहून निघताना माझ्या यादीतलं सगळं झालेलं होतं. प्रवेशपत्र, फोटो, पाण्याच्या बाटल्या, पेट्रोल, टायरची हवा, इंजिनचं तेल, कूलंट. लेकीचं प्रवेश परीक्षेचं केंद्र अकोल्याला आलं होतं आणि दीडला गेट बंद होणार होतं. मागे तिच्याशेजारी माझे सासरे बसले होते. मी त्यांना मामाजी म्हणते. नातीला सोडायला ते हट्टाने आले होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे तापमानाचा काटा चढायला लागला. गाडीसोबत आलेली पुस्तिका मी पूर्ण वाचली आहे. इंजिन हवा-पेट्रोल आत ओढतं, दाबतं, ठिणगीने पेटवतं आणि धूर बाहेर टाकतं. पेटण्याच्या त्या धक्क्यावर गाडी चालते. पण त्या उष्णतेतली थोडीच चाकांच्या कामी येते. बाकीची कूलंट उचलून पुढच्या रेडिएटरमध्ये आणतं आणि समोरचा वारा घेऊन जातो. हे अडलं की इंजिन जाम.

काटा लाल पट्टीला लागायच्या आत गाडी बाजूला घेतली.

"काहून थांबवली वं?"

"गरम झाली, मामाजी."

"उन्हाळाच हाय. आपण का थंडे हावो?"

लेक सारखी घड्याळाकडे पाहत होती. तिने रडारड केली असती तर बरं वाटलं असतं.

बॉनेट उघडलं. कूलंट बरोबर. पंखा फिरतोय. खाली गळती नाही. मग अडलं कुठे? वाकून पाहिलं तर रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत, वाळ्याच्या ताटीचा तुकडा सुतळीने घट्ट बांधलेला. वाळून कडक झालेला, धुळीने गच्च.

"हे कोणी केलं?"

"म्या. सकाळी तू बॉनेट उघडं टाकून हात धुवाले गेली न, तवा. बादलीभर पाणीबी टाकलं. म्हटलं, पोरीले थंडी हवा लागन. घरी कूलरले नाई लावत का?"

सुतळी कापली, ताटी डिकीत फेकली. पण इंजिन निवेपर्यंत थांबलो असतो तर गेट बंद झालं असतं. गाडी सुरू केली, एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण. हीटर इंजिनच्याच तापलेल्या कूलंटवर चालतो, म्हणजे तेवढी उष्णता आमच्याकडे येणार. हवा गार आली असती, तर कूलंट फिरत नाही असा अर्थ झाला असता आणि प्रवास तिथेच संपला असता. मी झरोक्यापुढे हात धरला.

चटका बसला. भर मे महिन्यात त्या चटक्याने जीव भांड्यात पडला.

"आई, पेपरच्या आधीच भाजून काढतेस का?"

"घाम पूस. सूत्रं म्हण."

मामाजींनी टॉवेल ओला करून नातीच्या डोक्यावर ठेवला आणि अकोल्यापर्यंत एका हाताने धरून बसले. मी रस्ता कमी आणि काटा जास्त पाहत होते. तो हळूहळू खाली आला.

गेटवरचा शिपाई हाका मारत होता. लेक आजोबांच्या पाया पडून पळाली आणि आत शिरली. तिच्यामागे आणखी दोघं गेली, मग गेट लागलं.

मामाजी गेटकडे पाहत हळूच म्हणाले, "ते ताटी फेकली तर नाई न? आपल्याच कूलरची कापली होती."

"डिकीत आहे."

"मंग बरं. संध्याकाळी लावून टाकतो."

"कूलरला, मामाजी."

"हो वं, कूलरलेच."