आबांच्या हातात लागलेला दिवा

त्या रविवारी माझे वडील, आमचे आबा, रहिमतपूरला आत्याकडे जाऊन सांगलीला परतले आणि गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, “इंजनाचा दिवा लागलाय रं. चढाला वढतबी न्हाई गाडी.”

आबांचं सगळं आयुष्य ट्रकच्या स्टिअरिंगमागे गेलेलं. पण मी जेवता जेवता त्यांनाच झाडायला सुरुवात केली. “आवं आबा, ही गाडी हाय, ट्रक न्हवं. क्लचवर पाय ठिवून चालवता तुमी. सत्तरी झाली, आता बास करा की.” माझा स्वभावच असा. एकदा तोंड सुटलं की समोर कोण आहे ते बघत नाही. आबांनी खिशातली किल्ली टीव्हीजवळ ठेवली आणि हात धुवायला गेले. ती मी उचलून माझ्या बॅगेत टाकली. वर बायकोला म्हणालोही, बरं झालं, एकदाचा विषय संपला.

पुढचा आठवडाभर गाडी दारातच उभी होती. आबा सकाळी तिच्या काचा पुसायचे, पण आत बसायचे नाहीत. ते रोज बघूनही मला काहीच वाटलं नाही, हे आता फार लागतं.

मग एकदा कुपवाडला कामावर जाताना गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकनं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर एक कोड आला. इंजिनाला हवा कमी पडतेय, असा त्याचा अर्थ. बॉनेट उघडून त्यानं चाचपलं, तर इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोचा जाड रबरी पाइप क्लिपमधून निम्मा निसटलेला.

“कुणीतरी लय दामटलीया,” तो हसत म्हणाला.

“आमचे वडील. ऐकतच न्हाईत,” मी लगेच बोलून मोकळा झालो.

त्यानं स्कॅनर माझ्याकडे फिरवला. “बिघाड पयल्यांदा आला तवाचं समदं यात ऱ्हातंय. ह्यो बघा स्पीड, एकशे अठरा.”

आबा साठच्या वर कधी जात नाहीत. मागून कुणी हॉर्न वाजवला तर हात दाखवून त्याला पुढे जाऊ देतात.

“पण दिवा तर त्यांच्याच हातात लागला,” मी म्हणालो.

“पयल्या खेपंला गाडी नुसती ध्येनात ठिवती. दुसऱ्या खेपंला बी तेच दिसलं, की मग दिवा लावती. त्याच्या आदी कोण घेऊन गेलतं?”

मीच. आबा रहिमतपूरला गेले त्याच्या आदल्या दिवशी पाटणला मित्राचं लग्न होतं. येताना हायवेवर एका गाडीशी उगाच शर्यत लावली. चढावर एकदम जोर गेल्यासारखा वाटला तेव्हा गाडीलाच शिव्या घातल्या आणि घरी येऊन विसरूनही गेलो. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

मेकॅनिकनं पाइप बसवला, क्लिप आवळली, कोड पुसला. दिवा गेला.

संध्याकाळी आबा पायरीवर बसले होते. त्यांच्यापुढे किल्ली धरून मी सगळं सांगून टाकलं. चूक माझी, तुमचा काही दोष नव्हता.

“व्हय?” आबा म्हणाले. किल्ली त्यांनी घेतली, पण नुसतीच हातात फिरवत राहिले. “लय इचार केला मी, कुटं चुकलं म्हणून. मग म्हटलं, पोरगं म्हणतंय तसंच आसंल. पायाचं आता उमगत नसंल आपल्याला.”

“तसं काय न्हाई, आबा. उद्या आत्याकडं जाऊ. तुमीच चालवा.”

सकाळी मी मुद्दाम आधी जाऊन डाव्या सीटवर बसलो. आबा आले. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले.

“तू हो तिकडं,” ते म्हणाले. “मला आता भ्या वाटतंय.”