कोरी सोळा पानं

माझी थोरली बहीण मंगळवारी सासरी वारली. निरोप बुधवारी जालन्याला बोर्डिंगात आला. मी गाडी केली आणि गुरुवारी जाफराबादकडच्या त्या गावात पोचलो. तोवर सगळं उरकलं होतं. तिच्या सासूनं माझ्यापुढं एक गाठोडं ठेवलं. त्यात दोन लुगडी, एक फणी आणि एक वही होती. वहीतलं अक्षर माझं होतं.

ती वही अपुरी आहे. पुरी करणं माझ्या हातात होतं आणि मी ती केली नाही.

आमचं गाव भोकरदनपासून दोन कोसांवर. आई लवकर गेली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शेती बघायचे. पोथी वाचता यावी म्हणून त्यांनी मला शिकवायला एक म्हातारा गुरव ठेवला होता. मी पळून जायचो आणि माझ्या जागेवर आक्का बसायची. अशी ती वाचायला शिकली. लग्नानंतर तीन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. तिला कुणी हाकललं नाही. दिवाळीला माहेरी आणून सोडलं आणि पुढं न्यायला कुणी आलं नाही, इतकंच.

माझी शाळा जालन्याला, आणि ती उर्दूत. मराठी पुस्तकांसाठी मी तिथल्या एका वाचनालयात जायचो, तेही खरं तर आक्कासाठी. ज्वारी निसवली की पाखरं राखायचं काम तिच्याकडं असायचं. ती गोफण आणि कादंबरी घेऊन शेतातल्या माळ्यावर चढायची. अण्णांना अक्षर येत नव्हतं, पण पुस्तक कसं आहे हे ते बांधावर उभं राहून सांगायचे. एकदा म्हणाले, "या बारीची कादंबरी लई चांगली दिसती. पाखरांनी चार तासं साफ केली." आक्का माळ्यावरूनच म्हणाली की मागच्या बारीला एकही कणीस गेलं नाही, तेव्हा तुम्ही पोराला पुस्तक बदलून आणायला का सांगितलं नाही?

मी तिला काय वाचायला द्यायचो? वाचनालयातले पोक्त लोक ज्यांना थोर म्हणायचे, त्या कादंबऱ्या. मला थोर पुस्तकं देणारा भाऊ व्हायला आवडायचं. कोणतं आधी वाच, कोणतं मागून, हे मी ठरवायचो आणि ती ऐकायची. वाचून झालं की मात्र स्वतःचं मत सांगायची. ह्यातली सासू खरी आहे, नवरा लेखकानं बसून बनवलेला आहे, असं. तिचं मत माझ्या मताहून चांगलं असायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते कबूल करत नव्हतो.

सात-आठ पुस्तकांनंतर तिच्या ध्यानात आलं की त्यांतल्या बायका शेवटी मरतात. कुणी विहीर जवळ करते, कुणी झिजून जाते. मी म्हणालो, थोर पुस्तकं अशीच असतात. मग मी लहानाचं मोठं होण्याच्या कादंबऱ्या आणल्या. त्यांत पोरगा गाव सोडतो, शहरात शिकतो, चुकतो आणि शहाणा होतो. तिनं त्याही वाचल्या आणि म्हणाली, "भाऊ, पोरं मोठे होऊन राह्यले, पोरी मरून राह्यल्या. एखादी मोठी होनारी आन् जगनारी पोरगी न्हाई का तुझ्या जालन्यात?"

होती. उर्दूत होती. शाळेतल्या एका मित्रानं दिलेली, पातळ पुठ्ठ्याची कादंबरी. पुस्तकं बांधणाऱ्या एका जिल्दसाजाची मुलगी वाया गेलेल्या छापील पानांवरून अक्षरं शिकते, तिचं लग्न होतं, नवरा तिला सोडतो, ती बापाच्या दुकानात परत येते. मला ती हलकी वाटली होती, म्हणून मी आक्काला कधी तिच्याबद्दल सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. ती म्हणाली, मग तू मला मराठीत लिहून दे.

त्या वर्षी कापसाच्या गाड्या गावाहून जालन्याच्या जिनिंगला सुरू झाल्या तेव्हा मी लिहायला बसलो. आमचा गाडीवान कापूस टाकून बोर्डिंगात यायचा, प्रकरणाचे कागद सदऱ्याच्या आत घालून न्यायचा आणि पुढच्या खेपेला आक्काचे निरोप आणायचा. तो मोठ्या गंभीरपणे सांगायचा, "आक्का म्हनल्या, त्या पोरीच्या चाचीला जल्दी मारा. लई त्रास देऊन राह्यली." संध्याकाळी आक्का ते कागद मोठ्यानं वाचायची, अण्णा ऐकायचे आणि मग ती ते वहीत शिवून ठेवायची. गाडीवानही बैल सोडायचं लांबवून ऐकत बसायचा.

एकूण अठरा प्रकरणं होती. सोळा झाली. उरलेल्या दोन प्रकरणांना किती पानं लागतील असं तिनं विचारून पाठवलं. मी सोळा सांगितली. तिनं कोरी सोळा पानं पेन्सिलीनं आखून, दाभणानं वहीत शिवून ठेवली. संक्रांतीला मी घरी आलो की तिच्यासमोर बसून ती भरायची होती.

संक्रांतीला मी आलो, तर घरात शिरण्याआधीच अण्णा मला शेताकडं घेऊन गेले. आक्काच्या सासरहून निरोप आला होता. दुसरी बायको अंथरुणाला खिळली होती, घराला माणूस पाहिजे होतं. चार दिवसांत न्यायला येणार होते. आक्का हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. "वही पुरी होऊ द्या, मंग सांगते," एवढंच म्हणाली होती.

अण्णांनी विचारलं, काय होतं त्या पोरीचं?

मी सांगितलं. सासरचे तिला न्यायला येतात. ती त्यांना बसवते, सरबत देते आणि येत नाही म्हणून सांगते. मग दुकानाच्या ओट्यावर गल्लीतल्या मुलींना शिकवायला लागते.

अण्णांनी काठीनं दोन-चार ढेकळं फोडली. मग म्हणाले, "ते लिहू नको."

मी का म्हणून विचारलं.

"ती इथं राह्यली तर मी हाये तवर बराबर हाये. माझ्यामागं तू सांभाळशील?"

मी सतरा वर्षांचा होतो. पुढं हैदराबादला शिकायला जायचं माझ्या मनात होतं. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. मी खाली बघत उभा राहिलो. अण्णांनी थोडी वाट पाहिली आणि ते घराकडं वळले. त्यांनी माझ्याकडून कसलंही वचन घेतलं नाही. पुढं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं की मी वडिलांचं ऐकलं. तसं नव्हतं. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी गप्प राहिलो होतो.

आक्कानं वही काढून ठेवली होती, दौतीत शाई घातली होती. मी तिला सांगितलं की शेवटची दोन प्रकरणं वाळवीनं खाल्ली. पुस्तक दाखव म्हणाली. मी म्हणालो, ज्याचं होतं त्याला परत केलं. पुस्तक तेव्हा बोर्डिंगात माझ्या पेटीत होतं.

"मंग तिचं काय झालं, तुला ठावं न्हाई?"

"न्हाई."

तिनं दौतीला बूच लावलं आणि तिळाच्या पोळ्या लाटायला गेली.

चौथ्या दिवशी सासरची गाडी आली. तिनं हळदी-कुंकू लावून घेतलं, अण्णांच्या पाया पडली आणि गाडीत बसली. वही तिच्या मांडीवरच्या गाठोड्यात होती. मी चाकापाशी उभा होतो. बैल हलले तेव्हा ती फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "वाळवी प्रकरणं मोजून खात न्हाई, भाऊ."

पुढच्या वर्षी बाळंतपणात ताप येऊन ती गेली. मूलही राहिलं नाही. एका कादंबरीची दोन प्रकरणं वाचून ती माहेरी थांबली असती, असं मी म्हणत नाही. कदाचित सासरी गेलीच असती. पण पुढं काय आहे हे मला माहीत असताना तिला ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

गुरुवारी गाठोडं देताना तिची सासू माझ्याशी वाईट बोलली नाही. आक्का तिकडच्या बायकांना सरकी निवडताना त्या मुलीची गोष्ट सांगायची म्हणे. "सांगायची लई छान," सासू म्हणाली. "पन शेवट इचारला की म्हनायची, माझ्या भावाला ठावं हाये. सांगा की मंग. काय झालं त्या पोरीचं?"

दोन-तीन बायका दारात थांबल्या होत्या. मी गाठोडं उचललं आणि गाडीत जाऊन बसलो.

मी हैदराबादला गेलो, शिकलो, पुढं मास्तर झालो. कुणी वाचायला काय घेऊ असं विचारलं तर मी त्यांना कपाटापाशी नेतो आणि त्यांचं त्यांना निवडू देतो. अण्णांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणात एकदा मला ती दोन प्रकरणं वाचायला लावली. मी उर्दूत बघून मराठीत सांगत गेलो. झाल्यावर ते म्हणाले, "तिला दिलं पाहिजे होतं." मी हो म्हणालो.

कादंबरी आणि वही दोन्ही माझ्याजवळ आहेत. वहीत सोळा प्रकरणं लिहिलेली आहेत. त्यांच्यापुढं सोळा पानं आखलेली आहेत आणि ती कोरी आहेत.