तीन बटनं आणि तिचं अर्धं बोलणं

बायको मेली तेव्हा तिचा एकच व्हिडिओ होता. धुळ्याला भाचीच्या हळदीत मुलीनं आईच्याच फोनवर काढलेला. पण फोनची काच माझं बोट ओळखेना. जन्मभर गवंडीकाम केलं, सिमेंटनं बोटांना जाड घट्टे पडले. मी काच घासत बसायचो आणि ती तोंड उघडं ठेवून तशीच अडकलेली.

मुलगी धुळ्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते. तिनं मला एक लाकडी डबी बनवून दिली. वर तीन जाड बटनं. हिरवं दाबलं की व्हिडिओ चालू, परत दाबलं की बंद. पिवळं मागे, लाल पुढे. आत नखाएवढी चिप, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. बटन दाबलं की ती आतल्याच छोट्या कॉम्प्युटरला हुकूम देते आणि टीव्हीवर बायको हलते. व्हिडिओ डबीतल्याच एका कार्डात भरला होता. मग फोन काय करायचा? भाचीला देऊन टाकला. तिनं आतलं बठ्ठं, होतं नव्हतं ते, पुसून वापरायला घेतला. व्हिडिओची दुसरी प्रत ठेवायचं कुणालाच सुचलं नाही.

व्हिडिओत बायको भरताची वांगी भाजतेय. मुलगी विचारते, नाना कसे आहेत गं? ती वर न बघता आमच्या अहिराणीत म्हणते, "तुना बाप दगड शे." मग वांगं उलटवते आणि म्हणते, "पन कपडा दगडवरच धुतस ना." आणि पडलेला दात दाखवत हसते. जिवंतपणी तिचं तोंड कोणाच्या बापाला बंद करता आलं नाही. आता हिरवं बटन दाबलं की गप्प. मुद्दाम अर्ध्या शब्दावर गप्प करायचो. बरं वाटायचं.

दसऱ्याला माझी थोरली बहीण, अक्का, साक्रीहून पिंप्राळ्याला माझ्या घरी आली. तिला माझी बायको कधी पसंत नव्हती. थापी, ओळंबा, गिलाव्याचा रंधा असं सगळं मी पाटावर मांडलं. हत्यारांची पूजा दरवर्षीचीच. अक्कानं टीव्हीजवळची डबी उचलून त्यांच्यातच ठेवली. मी म्हटलं, ते हत्यार नाही. ती म्हणाली, "रोज हातमा लेस ना तू? मंग पूजा त्यानी बी व्हई." तांब्यातलं पाणी शिंपडलं, ओलं हळदकुंकू तिन्ही बटनांवर थापलं, वर झेंडूचं फूल. मीही हात जोडले.

संध्याकाळी गल्लीतली माणसं सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात देऊन एकजण म्हणाला, टीव्हीवर वहिनी दाखवा की. मी हिरवं दाबलं. पिवळं बटन कुंकवाच्या गाळात रुतून बसलं होतं. बायको म्हणाली, "तुना बाप दगड शे," आणि झपकन मागे गेली. परत तेच. परत तेच. मग एकजण फिसकन हसला, मग सगळेच. अक्का पदर तोंडाला लावून सगळ्यात जास्त हसली. म्हणाली, "खरं तेच बोली राहिनी बिचारी."

मी डबीची पिन उपटली. अक्काला म्हटलं, "तू मरशील तेव्हा तुझा व्हिडिओ कोणी ठेवणार नाही. ठेवला तरी कोणी बघणार नाही." ती सकाळच्या पहिल्या एसटीनं गेली. चहाही घेतला नाही. मी थांबवलं नाही.

रविवारी मुलगी आली. डबी उघडली तर आत हळदीचं पाणी सुकलेलं, तारा हिरव्या पडलेल्या. कार्ड पुसून तिनं आपल्या लॅपटॉपला लावलं. बराच वेळ काहीतरी करत राहिली. माझ्याकडे बघत नव्हती, तेव्हाच कळलं.

"नाना, सुरुवातीचा भाग निघतोय. पुढचा खराब झालाय."

"किती निघतोय?"

तिनं लावून दाखवलं. वांगी, धूर, "तुना बाप दगड शे," आणि काळा पडदा.

बटनं तिनं नवीन बसवून दिली. छान चालतात. हिरवं दाबतो, बायको तेवढं बोलते आणि पडदा काळा होतो. पुढचं मी म्हणतो, कपडा दगडवरच धुतस ना. माझ्या तोंडून ते नुसतं धुण्याचं बोलणं वाटतं.