आधी पाय, मग तोंड

लखनौत आजवर खूप माणसं भेटली, पण माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांशी ओळख करून घेणारा गृहस्थ एकच: आमच्या वरच्या मजल्यावरचे हृदयरोगतज्ज्ञ. मूळचे वर्ध्याचे, पण अर्धी हयात इकडे गेल्यामुळे मराठीत 'अच्छा' आणि 'यार' मुरलेले. कुणाच्या घोट्यावर सूज दिसली की यांचा अंगठा शिवशिवायचा. मराठी मंडळाच्या गणपतीत ते प्रमुख पाहुण्यांपुढे वाकले. पाहुण्यांनी "आयुष्मान भव" म्हटलं, तर हे खालूनच म्हणाले, "माझं राहू द्या, तुमचं बघा. दाबलं की खड्डा पडतोय." मीठ बाधेल म्हणून समोरच्याच्या ताटातला पापड उचलून स्वतः खाणं, हा तर त्यांच्या लेखी प्रथमोपचारच.

सांगलीहून माझे वडील आमच्याकडे राहायला आले आणि इथंच त्यांचं हृदय थकलं. अंगात पाणी साठलं, पाय खांबासारखे झाले, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. डॉक्टरांनी त्यांना आपल्याच वॉर्डात घेतलं. लघवी वाढवणारं नेहमीचं इंजेक्शन डोस वाढवूनही पुरेना. जोडीला दुसरं औषध हवं होतं आणि ते कोणतं, यावर पलंगाशेजारीच वाद जुंपला.

"सर, मेटोलाझोन दे देते हैं, असर तगड़ा है," सहायक डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तगड़ा है, पर इनका सोडियम पहले ही नीचे है. और गिरेगा. ॲसिटाझोलामाइड जोड़ो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मूत्रपिंडात चौक्या असतात, यार. एकीनं सोडलं तर दुसरी अडवते. कुठली फोडायची, ते पेशंट बघून ठरवायचं."

वडील धापा टाकत म्हणाले, "कुठलीही फोडा, पण लवकर."

दुसऱ्या सकाळी वॉर्डात पोचलो, तर डॉक्टरांनी लघवीची पिशवी कुस्तीतल्या गदेसारखी उंचावली होती. "भरली! काका, जिंकलो!" शेजारच्या पेशंटच्या बेगमनं कारण न विचारता "मुबारक हो!" म्हटलं. वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. हळूहळू वडिलांच्या घोट्याची हाडं वर आली आणि ते पुन्हा आडवे झोपू लागले.

वडील घरी आल्यावर डॉक्टर रोज संध्याकाळी त्यांचं वजन बघायला येत आणि जेवणवेळेपर्यंत गप्पा मारत बसत. वडील ठणठणीत होऊन सांगलीला निघाले, तेव्हा डॉक्टर अमौसी विमानतळावर सोडायलाही आले. वडील स्वतःची बॅग ओढत आत गेले, मागे वळून हात केला. डॉक्टर काचेपाशी उभेच राहिले.

"चला," मी म्हटलं.

"हो, चला. बरा झालेला माणूस जातोच, यार," ते म्हणाले. पण हलले नाहीत.