नवापूरच्या किनाऱ्यावर सूर्यातल्या काळ्या रेघा

हा प्रवास ऐंशीच्या दशकातला, आणि तोही पालघर ते नवापूर, म्हणजे नकाशावर बोटाच्या पेराएवढा. सूर्याच्या उजेडातल्या काळ्या रेघा कॉलेजच्या वर्गात काही केल्या नीट दिसेनात, म्हणून मोकळं आकाश गाठायचं ठरवलं. बुटांच्या खोक्यात प्रिझम आणि दोन ब्लेडांमधली बारीक फट बसवून निघाले. "सूर्य पालघरलाही मावळतो," माझा नवरा सुधीर म्हणाला आणि मुकाट्याने सोबत आला.

तुम्हीही जाणार असाल तर बोईसरला उतरून एसटी पकडा. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, पण खर्च तिकिटापुरता. जेवण नंदाकडे होतं. ही माझी शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन नवापूरला आलेली. तिने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली, स्वतः मात्र घास घेईना. तिच्या नवऱ्याची, हरीची, होडी कालच यायला हवी होती. बाकीच्या आल्या होत्या.

संध्याकाळी नंदा आणि तिच्या सासूबरोबर किनाऱ्यावर बसलो. मी खोका मावळतीच्या आकाशाकडे धरला. रंगांचा झगझगीत पट्टा, आणि त्यात केसासारख्या बारीक काळ्या रेघा! मी हरखूनच गेले. "मावशी, नुसता उजेड कितीही असला तरी तो गप्पच. सूर्य कशाचा बनलाय ते या रेघा सांगतात. तिथला उजेड सूर्यावरच्या वायूंनी वाटेत अडवलाय, आणि ज्याची त्याची रेघ ठरलेली."

मावशींनी खोक्याला डोळा लावला. "उजेड नाय तिथं खबर? आमचा पन तसाच हाय, बाय."

मला काही कळलं नाही. अंधारलं तसे समुद्रात कंदील दिसू लागले. होड्या गावोगावच्या, दिवे सगळे सारखे. एकाएकी त्यातला एक विझला. मी नंदाचा हात घट्ट धरला. दिवा पुन्हा दिसला, पुन्हा विझला. मग तिसऱ्यांदा.

नंदा रडता रडता हसत होती. "कंदिलापुढे टोपली धरतात. तीनदा, ती आमच्या घरची खूण हाय."

"हरी आला," म्हणत मावशी उठल्या.

होडीचं मशीन बंद पडलं होतं. तो शिडावर आला होता.

घरी परतल्यावर तो खोका माझ्या खिडकीतच राहिला. एवढा मोठा सूर्य अव्याहत आग ओततो, पण स्वतःबद्दल बोलतो ते अडलेल्या उजेडातून, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आता मी रंगांकडे बघतच नाही. आधी काळी रेघ शोधते, आणि ती सापडली की दर वेळी वाटतं, हरी आला.