सिंहापुढचे आमचे हे

लंडनमधल्या एजवेअरचे रंगराव एकेकाळी सांगलीचे नावाजलेले पैलवान. आता त्यांची झटापट फक्त पायमोज्यांशी. बायकोची, सुमनबाईंची, स्मरणशक्ती गेल्यापासून रोज दुपारी ते त्यांना जुना रोमन सिनेमा लावून देत. सिंहांपुढे ढकललेल्या ख्रिश्चनांना वाचवायला दांडगा ग्लॅडिएटर उतरला, की बाई पदर सावरून लाजत. "आमचे हे आले!"

एकदा रंगराव न राहवून टीव्हीपुढे उभे राहिले. "अगं, तो कुठला कोण! तुझा नवरा हा इथं उभाय."

बाईंनी त्यांचं टक्कल, सुटलेलं पोट निरखलं आणि हसू दाबलं. "काहीतरीच काय, काका! सरका बघू, ह्यांच्या अंगावर सिंह येतोय."

रंगराव सरकले. सिंह लोळला. बाईंनी टाळ्या पिटल्या. "कसे आहेत हो आमचे हे?"

"चांगले आहेत, बाई," रंगराव म्हणाले.